दहा पाकळ्यांचं छत

पिनर स्टेशनवरून चढ चढून वर आलं की डाव्या हाताला सेमी-डिटॅच्ड घरांची एक रांग लागते. तिच्यातलं सहावं घर कारखानिसांचं. दारावर नावाची पाटी नाही आणि तिची गरजही नाही. उंबऱ्यासमोरच्या दोन फरश्यांवर रोज सकाळी रांगोळी असते. पाऊस असला तर पोर्चच्या आत, बर्फ पडला तर तो झाडून. पोस्टमन ती ओलांडून पत्रं टाकायला शिकला त्याला वीस वर्षं झाली. त्याची राउंड बदलली की जुना पोस्टमन नव्याला हे सांगून जातो, असं सुप्रभाताई म्हणतात. खरं असावं, कारण आजवर एकाही पोस्टमनचा पाय रांगोळीवर पडलेला नाही. पाय पडतो तो फक्त त्यांच्या नवऱ्याचा, कमलाकररावांचा.

सुप्रभा कारखानीस १९७३ साली लग्न होऊन धुळ्याहून इंग्लंडात आल्या, तेव्हा सुटकेसमध्ये दोन किलो पांढरी रांगोळी होती. कस्टम्सच्या माणसाने पुडा फोडला, त्यात बोट बुडवलं आणि ते जिभेला लावणार एवढ्यात सुप्रभाताईंनी त्याचा हात धरून "नो, नो! फ्लोअर! फ्लोअर!" असा आरडाओरडा केला. या देशात त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं इंग्रजी. पुढे बावीस वर्षं त्या एका प्रायमरी शाळेत डिनर लेडी होत्या. दोनशे पोरांच्या ताटांत मॅश केलेला बटाटा वाढायचा, आणि दोनशे ताटांत तो सारखाच पडायचा. चिमटीतून पडो की पळीतून, त्यांच्या हातून पडायचं ते मापात.

कमलाकरराव कौन्सिलच्या रस्ते खात्यात ड्राफ्ट्समन होते. हयातभर त्यांनी राउंडअबाउट, म्हणजे चौकातली वाहतुकीची वर्तुळं, काढले. घरात बोलणं मोजकंच. बायकोच्या रांगोळीबद्दल चौतीस वर्षांत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "पाय कुठे ठेवू?" आणि उत्तर मिळेपर्यंत तो ठेवून झालेला असायचा.

घरच्या रांगोळीखेरीज सुप्रभाताईंची आणखी एक रांगोळी होती, तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाची. एका शाळेचा हॉल भाड्याने घ्यायचा, त्याच्या दारातच सहा फुटी काळं हार्डबोर्ड टाकायचं आणि त्यावर सुप्रभाताईंनी ठिपक्यांची रांगोळी काढायची. १९७९ पासून यात खंड नव्हता. येणाऱ्या बायका चपला काढता काढता विचारायच्या, "किती ठिपक्यांची हो या वेळी?" आणि त्या सांगायच्या, "एकवीस ते अकरा." म्हणजे मधल्या ओळीत एकवीस ठिपके, मग वर-खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी करत टोकाला अकरा. त्यांच्या आईने शिकवलेलं शास्त्र एवढंच होतं. आधी ठिपके, मग डोकं. चिमूट आणि घरातला दोरा यांपलीकडे तिसरं हत्यार हातात घ्यायचं नाही. आणि काढायला घेतलेली रांगोळी अर्धी सोडायची नाही.

२००७च्या ऑगस्टमध्ये वैभवीचा फोन आला. वैभवी पुण्याची, ब्रॅकनेलला एका आयटी कंपनीत कामाला, आणि त्या वर्षी मंडळाची सेक्रेटरी. मुलगी हुशार, कामसू, आणि एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करणारी.

"काकू, एक सजेशन आहे हं. हॉल या वर्षी दोन वाजता मिळतोय. दारं साडेचारला उघडायची. तुम्हाला पाच तास लागतात ना?"

"ठिपके घालायलाच दीड तास जातो गं."

"तेच ना! म्हणून कमिटीचं असं चाललंय की प्रिंटेड मागवू. विनाइलची मिळते, सिक्स बाय सिक्स. अंथरली की झालं. तुम्ही मस्त साडी नेसून पुढच्या रांगेत बसायचं. आणि आम्ही तुमचा सत्कार करणार आहोत! अठ्ठावीस वर्षं, काकू. वॉव ना?"

सत्कार या शब्दावर सुप्रभाताई सावध झाल्या. मंडळातले सत्कार त्यांनी पाहिले होते. शशी गुप्त्यांनी सोळा वर्षं जेवणाची व्यवस्था पाहिली, मग त्यांना स्टेजवर शाल आणि श्रीफळ मिळालं, आणि पुढच्या वर्षी त्यांनी वरणाच्या पातेल्याला हात लावला तर चार जण धावले, "अहो शशीकाका, तुम्ही बसा!" तेव्हापासून ते बसलेलेच आहेत. वैभवीच्या मनात यातलं काही नव्हतं. तिला सत्कार म्हणजे सत्कार वाटत होता.

"हे बघ," सुप्रभाताई म्हणाल्या, "दोन ते साडेचार, अडीच तास झाले. मी काढते. तेवढ्यात नाही झाली तर अंथर तुझं विनाइल, घाल माझ्या अंगावर शाल, आणि पुढच्या वर्षीपासून मी पुढच्या रांगेत. चालेल?"

"काकू, शाल तर आहेच हो…"

"चालेल का सांग."

"चालेल," वैभवी म्हणाली. तिने विनाइलची ऑर्डर मात्र रद्द केली नाही.

सप्टेंबरात कारखानीस नवरा-बायको बुखाऱ्याला गेले, त्यामागे काही फार मोठा विचार नव्हता. गावाला जाताना ते नेहमी ताश्कंदवरून जायचे. उझबेकांचं विमान हीथ्रोहून निघायचं, ताश्कंदला सात तास बसवून ठेवायचं आणि मग दिल्लीला सोडायचं. तिथून रेल्वेने जळगाव. पंधरा वर्षांत ताश्कंदचा विमानतळ त्यांना तोंडपाठ झाला होता, ताश्कंद मात्र एकदाही दिसलं नव्हतं. त्या वर्षी धुळ्यात जायला कोणी उरलं नव्हतं. कमलाकरराव एका रविवारी म्हणाले, "इतकी वर्षं बाकड्यावर बसलो, एकदा बाहेर पडून बघू."

"बघायचं काय तिथे?"

"जुनी बांधकामं. मशिदी, मदरसे."

"मशिदीत मी काय करू?"

"मी देवळात करतो तेच. बाहेर बस."

पण बाहेर बसायची वेळ आली नाही. ताश्कंदहून बुखाऱ्याच्या वाटेवर समरकंदला पहिल्याच भिंतीपाशी सुप्रभाताई थबकल्या. निळ्या फरश्यांत आठ टोकांच्या चांदण्या एकमेकींत गुंतल्या होत्या. लोक "किती निळं, किती निळं" करत होते. सुप्रभाताईंनी एक डोळा बारीक केला. निळं बाजूला सरलं आणि मागचे ठिपके दिसायला लागले.

"सरळ ठिपके, सात ओळी," त्या म्हणाल्या. पर्समधून वही काढली, एकोणपन्नास ठिपके टाकले आणि तिथल्या तिथे चांदणी जोडून दाखवली. त्यांची गाइड दिलोरोम नावाची, शाळेत गणित शिकवणारी बाई होती आणि सुट्टी काढून हे काम करायची. तिने वही हातात घेतली, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा वहीकडे पाहिलं. पुढच्या भिंतीपाशी सुप्रभाताई म्हणाल्या, "ही नऊ ते पाच." तीही निघाली. तिसरी, चौथी, पाचवी निघाली. दिलोरोम इतर प्रवाशांना बोलावून दाखवायला लागली. कमलाकरराव दहा पावलं मागे राहून कमानींचे फोटो काढत होते.

बुखाऱ्याला शेवटच्या दिवशी दिलोरोमने त्यांना एका मोहल्ल्याच्या मशिदीत नेलं. टुरिस्ट बसेस तिथे जात नाहीत. मातीच्या भिंतींची गल्ली, कोपऱ्यावर तुतीचं झाड, आणि साधीसुधी, घरासारखी दिसणारी इमारत. चारशेहून जास्त वर्षं जुनी, असं दिलोरोम म्हणाली. सुप्रभाताईंनी चपला काढल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि आत पाऊल टाकलं.

बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे आधी काहीच दिसेना. मग एकेक गोष्ट वर यायला लागली. कमरेपर्यंतच्या भिंतीला शेवाळी निळ्या षट्कोनी फरश्या, प्रत्येकीच्या कडेने सोन्याची केसाएवढी रेघ. त्यावर उठावाचं रंगकाम, वेली आणि पानं, निळ्यावर सोनेरी. जिथे उजेड पडत होता तिथेच सोनं दिसत होतं, माणूस दोन पावलं सरकला की तेही सरकत होतं. पश्चिमेच्या भिंतीतला कोनाडा तर बारीक तुकड्यांनी असा भरला होता की त्यात बोटभर जागा रिकामी नव्हती आणि तरी गर्दी वाटत नव्हती. सुप्रभाताईंना रंग भरताना नेमकं हेच जमायचं नाही. कुठे थांबायचं ते कळायचं नाही.

मग त्यांनी वर पाहिलं. छत लाकडी होतं आणि ते भिंतींवर टेकलेलं नव्हतं. वरच्या तुळयांना साखळ्या बांधून सगळंच्या सगळं टांगलेलं होतं. त्याच्या मधोमध एक भली मोठी चांदणी, लांबोडक्या पाकळ्यांची, आणि पाकळ्यांच्या मधून पतंग, पंचकोन, अर्ध्या चांदण्या, एकमेकांत बसवत थेट कडेपर्यंत.

मान वर केली की त्यांना चक्कर येत असे. त्यांनी टिकली लावायचा तळहाताएवढा आरसा काढला, गालिच्यावर बसल्या, आरसा मांडीवर ठेवला आणि त्यात बघून वहीत उतरवायला लागल्या. आरशात एका वेळी एकच पाकळी मावायची. त्यांनी ती पाकळी, तिच्या दोन्ही बाजूंचे तुकडे, असं एक शकल काळजीपूर्वक काढलं. बाकीचं काढायची गरज नव्हती. रांगोळीत कधीच नसते. एक भाग जमला की तोच फिरवत न्यायचा. मशिदीची देखभाल करणारे म्हातारबाबा दारात उभे राहून बघत होते. त्यांनी काही न बोलता एक उशी आणून सुप्रभाताईंच्या पाठीशी ठेवली.

"ही किती ठिपक्यांची?" दिलोरोमने विचारलं. तिने शब्द उचलला होता.

"एकोणीस ते दहा," सुप्रभाताई ठामपणे म्हणाल्या. "बारा पाकळ्या असणार."

कमलाकरराव तेव्हा साखळ्यांचे फोटो काढत होते. त्यांनी वळून पाहिलं आणि पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला.

परत आल्यावर सुप्रभाताईंनी वैभवीला कळवून टाकलं, यंदाची रांगोळी बुखाऱ्याच्या मशिदीतल्या छताची. वैभवीने ते कार्यक्रमपत्रिकेत छापलंसुद्धा. दोन दिवसांनी तिचा फोन.

"काकू, कमिटीतले सतीशकाका विचारत होते, दिवाळीला मशीद कशाला म्हणून. मी म्हटलं, विचारते."

"त्यांना म्हणावं, समोसा खाताना विचारता का हा कुठून आला? तोही तिकडलाच आहे. मी खाऊन आले."

वैभवी हसली. सतीशरावांनी समोसा सोडला नाही आणि विषय सोडला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुप्रभाताईंनी गॅरेजमध्ये हार्डबोर्ड टाकलं, एकोणीस ते दहा ठिपके घातले आणि सराव सुरू केला. पहिली पाकळी बसली. दुसरी जवळपास बसली. तिसरीपासून घोटाळा. पाकळी ठिपक्यावर ठेवली तर नक्षी मोडायची, नक्षी राखली तर ठिपका हुकायचा. मधले पंचकोन एका अंगाने चेपल्यासारखे दिसायचे, ट्रेनमध्ये कोणाच्या तरी कोपराखाली आलेल्या पावासारखे. त्यांनी पुसलं, पुन्हा काढलं. एकवीस ते अकरा करून पाहिलं. सरळ ठिपके घालून पाहिले. आठवडाभर रोज दुपारी त्या गॅरेजमध्ये जायच्या आणि हात झटकत बाहेर यायच्या. आरशातून उतरवताना आपलंच चुकलं, अशी त्यांची खात्री झाली. ठिपक्यांवर त्यांचा संशय गेला नाही. पन्नास वर्षांत ठिपक्यांनी कधी दगा दिला नव्हता.

शेवटी त्या कमलाकररावांच्या कॉम्प्युटरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "त्या छताचे फोटो दाखवा."

एक्केचाळीस फोटो होते. तीसेक साखळ्यांचे, बाकीचे तुळयांचे. एकात कोपऱ्यात चांदणीच्या तीन पाकळ्या आल्या होत्या.

"बारा आहेत ना हो?"

"दहा," कमलाकरराव म्हणाले.

"तीनच दिसतायत. दहा कशावरून?"

"छत्तीस अंशाची एक. तीन दिसल्या की बाकीच्या कळतात. शिवाय मी मोजल्या होत्या."

"कधी?"

"तिथेच. तू आरशात बघत होतीस तेव्हा."

सुप्रभाताईंनी खुर्चीची पाठ धरली. "मग बोलला का नाहीत?"

"तू सगळ्यांना सांगत होतीस, बारा. मला विचारलं नाहीस." कमलाकररावांच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता. त्यांना विचारलं तरच ते सांगत, हीथ्रोला जायचा रस्तासुद्धा. आता मात्र विषय त्यांच्या हातचा असल्याने ते खुर्ची वळवून बसले. "ठिपक्यांवर दहा बसतच नाहीत, सुप्रभा. सरळ ठिपक्यांवर चार, आठ. तिरप्यांवर सहा, बारा. पाच आणि दहा कधीच नाही. शंभर ठिपके घाल नाहीतर हजार. याला कंपास लागतो. मी फुल साइज काढून देतो ना, मोठ्या कागदावर. रेषांना भोकं पाडून देतो, वरून पावडर टाकायची, खाली उमटेल. तू फक्त रंग भर."

त्यांना वाटलं आपण मदत केली. सुप्रभाताई म्हणाल्या, "चहा टाकते," आणि स्वयंपाकघरात जाऊन दूध उतू जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिल्या.

कागद घेतला असता तर काम झालं असतं. अडीच तासांतही बसलं असतं, कोणाला कळलंही नसतं. पण मग अठ्ठावीस वर्षांनी दारात कमलाकर कारखानिसांचा राउंडअबाउट पडला असता आणि सुप्रभाताई त्यात रंग भरत बसल्या असत्या. त्यापेक्षा विनाइल काय वाईट? वैभवीला फोन करून शाल घेते म्हणावं, असं त्यांच्या मनात दोनदा आलं. दोन्ही वेळा फोन एंगेज होता.

पुढच्या मंगळवारी त्या दिवाळीच्या साडीवरच्या परकराला इस्त्री करत होत्या. परकर नवा होता, नाडी त्यांनीच ओवली होती. चपटी, सुती, बोटभर रुंद. टोक नेफ्यात शिरू नये म्हणून त्यांनी नेहमीसारखी दोन्ही टोकांना एकेक गाठ मारली होती, साधी, एकपदरी. फिरवता फिरवता इस्त्री एका गाठीवरून गेली आणि गाठ चपटी झाली.

सुप्रभाताईंनी इस्त्री उभी केली. गाठीला कोपरे पडले होते. त्यांनी नखाने मोजले. पाच. दुसऱ्या टोकाची गाठ दाबली. तिलाही पाच, आणि पाचही सारखे. लग्नाआधीपासून त्या नाड्यांना गाठी मारत आल्या होत्या. आजवर गाठ दिसली होती, कोपरे दिसले नव्हते.

त्यांनी वॉलपेपरखाली लावायच्या जाड कागदाची वीतभर रुंद लांब पट्टी कापली, टेबलावर पसरून तिची तशीच गाठ मारली, हळूहळू ओढत, सुरकुती न पडू देता, आणि तळहाताने चपटी केली. ताटाएवढा पंचकोन झाला. दोऱ्याला मारतात तीच गाठ, फक्त कागदाची; आईच्या शास्त्रात बसत होती. तो गॅरेजमध्ये हार्डबोर्डच्या मधोमध ठेवून पाच कोपऱ्यांशी पाच चिमटी टाकल्या. मग वरचं टोक खाली येईल असा फिरवला आणि आणखी पाच टाकल्या. कागद उचलला. दहा.

त्यांनी कमलाकररावांना हाक मारली नाही. शिडीच्या पायरीवर बसून त्यांनी त्या दहा चिमटी एकेक करून पुन्हा मोजल्या.

शनिवारी दहा नोव्हेंबरला दोन वाजता हॉल उघडला. कमलाकररावांनी गाडीच्या टपावरून हार्डबोर्ड आणलं आणि दारात टाकलं. वैभवीची गाडी शेजारीच उभी होती, डिकीत विनाइलची गुंडाळी. सुप्रभाताईंनी पदर खोचला आणि बसल्या. खुर्च्या मांडायला आलेल्या दोघी-तिघी भोवती जमल्या.

"काकू, ठिपके कधी घालणार?"

"घालत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खुर्च्या मांडा."

कागदाची गाठ ठेवली, पाच चिमटी, फिरवली, पाच चिमटी. मग त्यांनी दोरा काढला. मध्यापासून प्रत्येक खुणेवरून बोर्डच्या कडेपर्यंत दहा दिशा ताणायच्या होत्या आणि त्याला दुसरा हात लागत होता.

"अहो," त्यांनी हाक मारली. "दोऱ्याचं टोक मध्यावर धरा. अंगठ्याने. बोलू नका."

कमलाकरराव गुडघे मोडून बसले. ते गाठीकडे बघत होते, मग चिमटींकडे. त्यांच्या ओठांची काहीतरी हालचाल झाली. सुप्रभाताईंनी वर न बघता सांगितलं, "म्हटलं ना."

सव्वातीनला पाच पाकळ्यांच्या रेषा झाल्या. चारला आठ. ठिपक्यांत चुकलं तर ठिपका सावरून घेतो. इथे मागे कोणी नव्हतं. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेच्या भरवशावर. नववी त्यांनी आठवीवर डोळा ठेवून काढली. मग दहावी निघाली आणि पहिलीला जाऊन मिळाली. केसभर रुंद झाली होती. त्यांनी शेजारची रेघ थोडी जाड केली. ती जाड रेघ पुढे फक्त एकाच माणसाला दिसली असणार, आणि तो दोरा धरून गप्प बसला होता.

रंग भरायला वीस मिनिटं उरली. साडेचार वाजले तेव्हा नऊ पाकळ्या निळ्या-सोनेरी झाल्या होत्या आणि दहावी नुसतीच रेषांची होती. काचेच्या दाराबाहेर लोक थंडीत पाय आपटत उभे होते.

वैभवी आली. सुप्रभाताईंनी हाताच्या मागच्या बाजूने कपाळावरचे केस सारले.

"नाही झाली. ठरल्याप्रमाणे आण तुझं विनाइल."

वैभवीने घड्याळ पाहिलं, बाहेरची गर्दी पाहिली, रांगोळी पाहिली. तिने ती पहिल्यांदाच नीट पाहिली, आणि वाक्य अर्धं सोडायची सवय असलेल्या त्या मुलीने या वेळी एकच वाक्य काढलं आणि ते पूर्ण केलं.

"रेषा सगळ्या मिळाल्यात ना, काकू?"

"रेषा मिळाल्यात."

"मग रंग चालू द्या." ती बाहेर गेली. गाडीतून विनाइल काढलं आणि हॉलला वळसा घालून मागच्या, कार पार्ककडच्या दाराशी अंथरलं. मग पुढे येऊन ओरडली, "सगळ्यांनी मागच्या दाराने या! पुढे काम चालू आहे!"

अशा रीतीने त्या वर्षी मंडळ विनाइलवर पाय ठेवून आत आलं आणि आत येऊन पुढच्या दाराशी गोल करून उभं राहिलं. सतीशरावही आले. त्यांनी हात मागे बांधून एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "हे छतावर आहे? मग लोक वर बघत चालतात तिथे?"

"नाही," सुप्रभाताई म्हणाल्या, "आरसा लागतो."

मंडळातल्या मीनाक्षीवहिनींनी मात्र सवयीने विचारलंच, "किती ठिपक्यांची हो?" सुप्रभाताईंनी उत्तर म्हणून कागदाची गाठ त्यांच्या हातात दिली. मीनाक्षीवहिनी ती उलटसुलट करत उभ्या राहिल्या.

तेवढ्यात माइकवरून घोषणा झाली. गेली अठ्ठावीस वर्षं… अखंड सेवा… कृतज्ञता म्हणून… सौ. सुप्रभा कारखानीस यांनी कृपया स्टेजवर यावं. टाळ्या सुरू झाल्या. सुप्रभाताईंच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत रंग होता आणि चिमटीत निळा. दहावी पाकळी निम्मी भरली होती.

"अहो, तुम्ही जा," त्या म्हणाल्या.

"मी?"

"नाव कारखानीसच आहे ना? जा. अर्धी सोडून उठत नाही मी."

कमलाकरराव गेले. प्रमुख पाहुणे गोंधळले, पण शाल उघडलेली होती, ती कोणाच्या तरी खांद्यावर जाणं भाग होतं. त्यांनी ती कमलाकररावांना घातली, नारळ हातात दिला. मागून शशी गुप्ते मोठ्याने म्हणाले, "या, कमलाकर! माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे!" आणि हॉल हसला.

कमलाकरराव शाल पांघरून, नारळ छातीशी धरून परत आले. दहाव्या पाकळीचं शेवटचं टोक भरून होत होतं. दारापाशी गर्दी होती, आणि सुप्रभाताईंपर्यंत पोचायला बोर्डच्या कडेने चिंचोळी वाट तेवढी मोकळी होती.

"पाय कुठे ठेवू?" त्यांनी विचारलं.

सुप्रभाताईंनी चिमूट पूर्ण रिकामी केली, बोटं झटकली, वाकून रेघ तपासली. मग मान वर केली. कमलाकरराव एक पाय किंचित उचलून तसेच उभे होते, उत्तराची वाट बघत.

"थांबा," त्या म्हणाल्या. "सांगते."

ती शाल आता कमलाकरराव संध्याकाळी टीव्ही बघताना पांघरतात. ऊबदार आहे. जानेवारीत मंडळाने पुढच्या दिवाळीसाठी हॉल बुक केला तेव्हा वैभवीने वेळ दुपारी बाराची मागितली, आणि फॉर्मवर कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'दारातलं काम'.